साथीतली तात्पुरती रुग्णालयं : खाटा कुणासाठी आणि कधी?

रानवारा (धागाकर्ती)

मी पीएसएम शिकवते, म्हणजे साथरोग आणि सार्वजनिक आरोग्य. आपत्कालीन आराखड्यांच्या काही बैठकांना अलीकडे बसायचा योग आला. तात्पुरत्या रुग्णालयाचा विषय निघाला की चर्चा एकाच आकड्यापाशी येऊन थांबते : किती खाटा? माझ्या मते हा प्रश्न नंतरचा. त्या खाटांवर कोण झोपणार आणि साथीच्या कोणत्या टप्प्यावर, हे आधी ठरायला हवं.

कोविडच्या साथीतलं चीनचं वुहान शहर बघा. २३ जानेवारी २०२० ला शहर बंद केलं तेव्हा तिथली मोठी रुग्णालयं आधीच भरली होती. सौम्य लक्षणं असलेल्यांना घरी पाठवत होते. रस्त्यावरची गर्दी थांबली, पण घरातला संसर्ग चालूच राहिला : नवऱ्याकडून बायकोला, तिच्याकडून सासूला. त्यावर चीननं दोन निरनिराळी कामं केली, आणि आपल्याकडच्या बातम्यांत त्यांची सरमिसळ झाली. हुओशेनशान (१,००० खाटा, साधारण दहा दिवसांत उभं) आणि लेशेनशान (१,६०० खाटा) ही जास्त आजारी रुग्णांसाठी होती. त्यांच्या बांधकामाचे व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिले. दुसरं काम कमी दिसलं, पण मला तेच महत्त्वाचं वाटतं : 'फांगत्सांग' केंद्रं. स्टेडियम आणि प्रदर्शनाची सभागृहं रिकामी करून तिथं खाटा मांडल्या. पहिली तीन ५ फेब्रुवारीला सुरू झाली, पुढे एकूण १६ झाली. सुमारे १३,००० खाटा, जवळपास १२,००० रुग्ण. १० मार्चला शेवटचं बंदही झालं.

तिथं प्रवेश फक्त सौम्य ते मध्यम आजाराच्या रुग्णांना. तपासणी, औषधं, दिवसातून अनेकदा सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) मोजणं, जेवण, आणि प्रकृती ढासळायला लागली की लगेच मोठ्या रुग्णालयात रवानगी. घरातून बाधित माणूस लवकर बाहेर निघाल्यानं घरचे वाचले, आणि मोठ्या रुग्णालयांतल्या खाटा खऱ्या गरजूंना मिळाल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की तात्पुरतं रुग्णालय साथ रोखतं ते सौम्य रुग्णामुळे. आपण मात्र ते गंभीर रुग्णांचा लोंढा आल्यावर उघडतो, आणि त्या दिवशी ते फक्त लोंढा झेलू शकतं. ज्यांनी ही केंद्रं आतून पाहिली, बांधली किंवा चालवली त्यांनी कृपया लिहावं. मतभेद असतील तर तेही हवेत.

माहीमची_खाडी

रानवाराताई, तुमचं म्हणणं धारावीत डोळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा संस्थेतर्फे तिथल्या वस्त्यांत रेशन आणि तपासणी शिबिरांच्या कामात होतो.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० ला सापडला. अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास जागा, आठ-साडेआठ लाख माणसं. दहा बाय दहाच्या खोलीत सात-आठ जण, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालय. तिथं 'घरीच वेगळं राहा' हे सांगण्यात काही अर्थ नव्हता. म्हणून महापालिकेनं शाळा, मंगल कार्यालयं, राजीव गांधी क्रीडा संकुल अशा जागा विलगीकरणासाठी घेतल्या. निसर्ग उद्यानाच्या वाहनतळावर २०० च्या आसपास खाटांचं रुग्णालय दोन आठवड्यांत उभं केलं, आणि तिथं ऑक्सिजन होता.

पण जागा मिळाली म्हणून माणूस आपोआप येत नाही. सुरुवातीला लोक लपून बसायचे. "मी गेलो तर पोरांना कोण बघणार", "चौदा दिवस मजुरी बुडाली तर भाडं कुठून देऊ", हे प्रश्न मी रोज ऐकले. लोकांचं मन वळलं ते आत गेलेली माणसं धडधाकट परत आली तेव्हा. रमजानमध्ये उपवास करणाऱ्यांना इफ्तारला खजूर-फळं आणि वेळेवर जेवण मिळत होतं, ही बातमी गल्लीत कुठल्याही पत्रकापेक्षा आधी पोचली. खासगी डॉक्टरांनी दवाखाने पुन्हा उघडले, पीपीई घालून दारोदार तपासणीला आले. ओळखीचा डॉक्टर म्हणाला, जा, तर माणूस जातो.

जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचं नाव घेतलं. त्या कौतुकात खाटांइतकाच वाटा त्या आरोग्यसेविकांचा आहे, ज्यांनी आधी दार ठोठावलं.

निशिगंध

मी नर्स आहे. मुंबईतल्या एका जम्बो सेंटरमध्ये, म्हणजे कोविडसाठी उभारलेल्या मोठ्या तात्पुरत्या रुग्णालयात, दोन्ही लाटांत काम केलं. नाव लिहीत नाही.

आराखडा करणाऱ्यांना एकच गोष्ट सांगायची आहे : संडास कुठे आहे ते बघा. आमच्या हॉलमध्ये स्वच्छतागृहांची रांग अगदी टोकाला होती. पलीकडच्या टोकाच्या खाटेवरून चालत जायचं म्हणजे बरंच अंतर. ऑक्सिजनचा मास्क लावून सॅच्युरेशन ९४ असलेला माणूस, बोलतोय, चहा पितोय, त्याला वाटतं मी बरा आहे. रात्री सिस्टरना कशाला उठवा म्हणून मास्क काढून एकटा निघतो. अर्ध्या वाटेत सॅच्युरेशन सत्तरच्या घरात जातं आणि तो खाली बसतो. आम्हाला दिसतं ते दोन-चार मिनिटांनी, कारण पीपीईमध्ये चष्म्यावर वाफ धरलेली असते आणि हॉल शंभर खाटांचा. असे प्रसंग आमच्याकडे घडले. सगळे वाचले नाहीत.

मग आम्ही ऑक्सिजनवरच्या सगळ्यांना खाटेपाशीच पॉट द्यायला सुरुवात केली. पुरुष रुग्ण तयार व्हायचे नाहीत, लाज वाटायची. पडदे मागवले. चाकाच्या खुर्चीला छोटा सिलिंडर बांधला. 'मास्क काढून उठायचं नाही' हे मराठी, हिंदी, गुजराती, तमिळमध्ये लिहून प्रत्येक खाटेला लावलं. यातलं काहीही महाग नव्हतं. पहिल्या दिवसापासून असतं तर...

दुसरं, मोबाइल चार्जिंग. आत नातेवाईक नाहीत, तेव्हा फोन हाच आधार. प्रत्येक खाटेला प्लग द्या. फोन बंद पडला की माणूस जेवण सोडतो, घरी जायचा हट्ट धरतो.

प्रेशर_गेज

निशिगंधताई, तुमची पोस्ट आमच्या सगळ्या साइट इंजिनिअरना वाचायला देणार आहे. आमचा व्यवसाय मेडिकल गॅस पाइपलाइनचा.

खाटांचा आकडा ठरवताना ऑक्सिजनचं गणित कुणी मांडत नाही, म्हणून इथं मांडतो. १०० रुग्ण धरा, प्रत्येकाला मिनिटाला १० लिटर. म्हणजे मिनिटाला १,००० लिटर, दिवसाला १४ लाख ४० हजार लिटर वायू. मोठ्या (जम्बो) सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर मावतो. म्हणजे दिवसाला दोनशेवर सिलिंडर उतरवायचे, जोडायचे, रिकामे परत पाठवायचे, आणि तेही फक्त शंभर जणांसाठी. हाच ऑक्सिजन द्रवरूपात सुमारे १,७०० लिटर भरतो, कारण एक लिटर द्रवापासून साडेआठशे लिटरच्या वर वायू होतो. म्हणून मोठ्या केंद्राला द्रव ऑक्सिजनची टाकी लागतेच. टाकीला पक्कं फाउंडेशन, टँकर वळायला जागा आणि द्रवाचा वायू करणारा व्हेपोरायझर लागतो. व्हेपोरायझरवर बर्फ साचला की दाब पडतो, तेव्हा दोन हवेत, आलटून पालटून चालवायला. हाय फ्लोची (जास्त वेगानं ऑक्सिजन देणारी) मशिन्स आली तर हिशेब पार बदलतो, एकेका रुग्णाला मिनिटाला ६० लिटरपर्यंत जाऊ शकतो.

१७ एप्रिल २०२१ च्या पहाटे मुंबईत ऑक्सिजन संपत आल्यामुळे सहा रुग्णालयांतून १६८ रुग्ण रातोरात हलवले, ते बहुतांश जम्बो सेंटरांत. तिथं मोठ्या टाक्या होत्या म्हणून ते शक्य झालं. माझ्यासाठी जम्बोचं सगळ्यात मोठं समर्थन ते आहे.

आणि उलट बाजू : पुढच्याच महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा बीकेसी, दहिसर आणि मुलुंडच्या केंद्रांतून मिळून ५८० रुग्ण बाहेर काढावे लागले. मंडप कितीही मजबूत असला तरी किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर तो मंडपच. पावसाळ्याआधीच्या वादळांचा विचार जागा निवडतानाच व्हायला हवा.

मुळामुठा

हे सगळं वाचून बरं वाटतं, पण माझा अनुभव वेगळा आहे आणि तोही इथं असू द्या.

माझ्या मामांना २०२० च्या सप्टेंबरात एका जम्बो केंद्रात दाखल केलं होतं. केंद्र नुकतंच सुरू झालेलं. आत नेलं आणि त्यानंतर काहीही कळेना. गेटवर एक टेबल, टेबलावर एक मुलगा, त्याच्याकडे एक वही. वहीत मामांचं नाव दोनदा होतं, दोन वेगळ्या वॉर्डांत. मामी तिथं फुटपाथवर डबा घेऊन बसून असायची. मामा गेले हे आम्हाला कळलं ते दुसऱ्या रुग्णाच्या मुलाकडून. आत काय कमी पडलं, कुणाचं चुकलं, हे आजही सांगता येणार नाही, आणि तेच जास्त छळतं.

मंडप आठवड्यात उभा राहतो. तिथं एकमेकांना कधी न भेटलेले डॉक्टर, नर्स, वॉर्डबॉय एका रात्रीत जमवले तर त्यांचं रुग्णालय व्हायला किती वेळ लागतो? उद्घाटनाची तारीख त्या हिशेबानं ठरते का?

टेम्सकाठची

मुळामुठा, तुमच्या मामींबद्दल वाचून फार वाईट वाटलं.

तुमच्या प्रश्नाला लंडनचं उत्तर देते. मी इथं एनएचएसमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत आहे. ३ एप्रिल २०२० ला एक्सेल सभागृहात नाइटिंगेल रुग्णालय उघडलं, वाढवत नेलं तर ४,००० खाटा होतील अशी योजना. पहिल्या लाटेत तिथं उपचार झाले ५४ रुग्णांवर. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी ते उभारलं होतं, आणि असा रुग्ण सांभाळणाऱ्या नर्स आधीच आपापल्या आयसीयूत अडकलेल्या. त्यांना तिथून काढलं असतं तर तिथला विभाग बंद पडला असता. शेवटी जुन्या रुग्णालयांनीच ऑपरेशन थिएटरं आणि वॉर्ड बदलून आयसीयू वाढवले. रानवारा म्हणतात तो मुद्दा इथं उलट बाजूनं दिसतो. सौम्य रुग्णांसाठी कमी मनुष्यबळात मोठं केंद्र चालतं. गंभीर रुग्णांसाठी सभागृहाचा उपयोग मर्यादित.

शनिवारपेठी

माहीमच्या खाडीकाठच्या मित्रांनी विश्वासाचा मुद्दा काढला म्हणून थोडं जुनं लिहितो. प्रतिसाद लांबणार आहे.

मुंबईत प्लेग सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत दिसला. ऑक्टोबरातच जवळपास हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या साथरुग्णालयावर हल्ला केला. आत नेलेला माणूस परत येत नाही, ही भीती. (हेच आजचं कस्तुरबा रुग्णालय. २०२० मध्ये मुंबईतले पहिले कोविड रुग्ण तिथंच ठेवले होते.) फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला, मार्चपासून पुण्यात रँड या इंग्रज अधिकाऱ्याची प्लेग कमिटी. सोल्जर घरात शिरायचे, बायकांची तपासणी भर रस्त्यात, सामान बाहेर काढून जाळायचं, रुग्ण इस्पितळात आणि घरचे सेग्रिगेशन कँपात. लोक प्रेतं लपवू लागले. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. पुढे मार्च १८९८ मध्ये मुंबईतही दंगल पेटली.

१८९७ मध्ये त्याच पुण्यात दुसरीही रुग्णालयं होती. सावित्रीबाई फुल्यांनी आपले डॉक्टर दत्तकपुत्र यशवंतराव यांच्याकडून हडपसरजवळ माळरानावर दवाखाना सुरू करवला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या गायकवाडांच्या आजारी मुलाला त्या स्वतः पाठीवर घेऊन तिथं आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. टिळकांच्या पुढाकारानं हिंदू प्लेग रुग्णालय निघालं. मुंबईत निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालयं काढली. औषध सगळीकडे जवळजवळ सारखंच, म्हणजे फारसं काही नाही. तरी सरकारी गाडी आली की पळणारी माणसं इथं स्वतःहून आली.

आता एक गोष्ट जी मला डॉक्टरांकडून पडताळून घ्यायची आहे. गाठीचा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे फ्रेंच डॉक्टर सिमाँनं १८९८ मध्ये दाखवलं आणि मान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. मग माणसांना पकडून वेगळं ठेवण्याचा एवढा अत्याचार झाला, त्यातून साथ कितीशी थांबली असेल? आमच्या आजोळी सांगायचे की प्लेग आला की अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहायचं.

रानवारा

शनिवारपेठी, तुमची शंका रास्त आहे. गाठीच्या प्लेगमध्ये रुग्णाला वेगळं ठेवून फारसं साधत नाही. फुप्फुसाचा प्लेग असेल तर साधतं, तो खोकल्यातून पसरतो. तुमच्या आजोळचे लोक रानात गेले ते उंदीर असलेली घरं सोडून, म्हणून ते वाचले. त्यांना पिसवांचं शास्त्र माहीत नव्हतं, पण उंदीर पडायला लागले की घर सोडायचं हे त्यांनी अनुभवातून ओळखलं होतं.

यावरून माझा मुद्दा नीट करते. रोग कसा पसरतो त्यावर केंद्राचा उपयोग ठरतो. डेंग्यूत विलगीकरण केंद्र काढून साथ थांबणार नाही, डास मारावे लागतील. इबोलात उलट : रुग्ण घरी राहिला की सेवा करणाऱ्या प्रत्येकाला धोका. ऑगस्ट २०१४ मध्ये लायबेरियाची राजधानी मन्रोव्हियात 'सीमाविरहित डॉक्टर' संघटनेनं एल्वा ३ केंद्र १२० खाटांनी सुरू केलं. महिनाअखेरीस अशी वेळ आली की रोज सकाळी फाटक फक्त अर्धा तास उघडायचं, रात्री मेलेल्यांच्या रिकाम्या खाटा भरण्यापुरतं. बाकीचे परत घरी, म्हणजे परत कुटुंबात. अमेरिकी लष्करानं लायबेरियात ११ केंद्रं बांधली, पण ती तयार होईपर्यंत साथ ओसरत आली होती. त्या अकरांत मिळून इबोलाचे २८ रुग्ण आले. ऑगस्टमधल्या शंभर खाटा डिसेंबरमधल्या हजार खाटांपेक्षा मोलाच्या.

गोदाकाठ

माझा विरोध नोंदवतो. मी ग्रामीण रुग्णालयात काम करतो. दर साथीत मंडपावर पैसा ओतायचा आणि साथ गेली की मंडप, खाटा, पाइप सगळं उचलून न्यायचं. तोच पैसा उपजिल्हा रुग्णालयांत गेला असता तर आज तिथं ऑक्सिजन प्लांट, आयसीयू आणि भरलेली पदं असती. माझ्याकडे फिजिशियनचं पद कित्येक दिवस रिकामं आहे. बीजिंगनं २००३ मध्ये सार्सच्या वेळी शाओतांगशान रुग्णालय आठवड्यात बांधलं, त्याचं कौतुक आम्ही अजून करतो. पण तिथं पाठवायला लष्करी डॉक्टर-नर्सांची फौज तयार होती. आमच्याकडे कोण आहे?

ज्वारीचं_रान

गोदाकाठ सर, पदं भरायलाच हवीत, त्यात दुमत नाही. पण तुमच्या रुग्णालयात येण्याआधी जो टप्पा आहे त्याबद्दल सांगतो.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावात घरटी ताप. बाधित माणूस घरीच, त्याच घरात म्हातारी. मे महिन्यात सरकारनं १८ जिल्ह्यांत गृहविलगीकरण बंद केलं, पण त्याआधीच आम्ही झेडपीची शाळा घेतली होती. बाकं बाहेर काढली, वर्गात सतरंज्या आणि गाद्या, मुलींच्या वर्गात बायका. आशाताई दोन वेळा ऑक्सिमीटर लावून वहीत आकडे लिहायची. ९४ च्या खाली गेला की सरपंचांची जीप तयार, सरळ तालुक्याला. रात्रीचं जेवण गल्लीवार वाटून घेतलं होतं. गुरं कोण बघणार हा सगळ्यांचा पहिला प्रश्न, म्हणून तरुण मुलांनी धारा काढायचं काम घेतलं. तेव्हा कुठं माणसं शाळेत यायला तयार झाली.

याला रुग्णालय म्हणायचं का ते डॉक्टरांनी ठरवावं. खर्च म्हणाल तर गाद्या लोकांच्याच.

रानवारा

वुहानमध्ये स्टेडियमनं जे केलं तेच तुमच्या शाळेनं केलं : वेगळं ठेवणं, रोज पाहणं, वेळेत वर पाठवणं. आणि पाठवायला वर तालुक्याचं रुग्णालय होतं, तिथं ऑक्सिजन होता. गोदाकाठ, म्हणून तुमचं आणि माझं भांडण नाही. तुमचं रुग्णालय धड नसेल तर शाळेतला माणूस ९४ वरून खाली घसरताना नुसता वहीत नोंदला जाईल. पण शाळा नसेल तर तुमच्या वीस खाटांवर सौम्य रुग्ण झोपतील आणि त्यांच्या घरातले आठवड्यानं तुमच्याच दारात येतील.

मुळामुठा, तुमच्या प्रश्नाबद्दल : पहिले काही दिवस खाटांपैकी थोड्याच भरायच्या आणि रोज वाढवायच्या, असा नियम लेखी असला पाहिजे. नातेवाइकांना दिवसातून एकदा ठरल्या वेळी फोन जाईल आणि तो फोन करणारा माणूस वेगळा नेमलेला असेल, हेही लेखी. मी हे दोन्ही बैठकीत मांडणार आहे.

मुळामुठा

मांडा. फोन करणाऱ्याच्या हातात वॉर्डमधून आलेली ताजी माहिती असेल, हेही लिहा.

निशिगंध

मनुष्यबळाचं अजून एक. आम्ही बहुतेक जणी कंत्राटी होतो, तीन-तीन महिन्यांची ऑर्डर. लाट ओसरली की काम संपलं, पुढच्या लाटेत पुन्हा फोन. दुसऱ्या वेळी अर्ध्या जणी आल्याच नाहीत. कुणी आखातात गेली, कुणी नर्सिंग सोडून दिलं. ज्यांना खाटेपाशी पॉट ठेवण्यापासून रुग्णाला पालथं झोपवण्यापर्यंत सगळं हातात बसलं होतं, त्यांची नावं, नंबर कुणी एकत्र ठेवलेत असं माझ्या माहितीत नाही. रानवाराताई, तुमच्या आराखड्यात अशी यादी घाला. वर्षातून एकदा आम्हाला बोलवा, दिवसाचे पैसे द्या, प्रेशर_गेज दादांसारख्या माणसांना मॅनिफोल्ड (सिलिंडर जोडायची यंत्रणा) दाखवायला सांगा. मी येईन.

प्रेशर_गेज

मीही. सिलिंडर बदलताना कुठला व्हॉल्व्ह आधी बंद करायचा हे नर्सना शिकवायला अर्धा तास पुरतो.

गोदाकाठ

आमच्या रुग्णालयाच्या आवारात घ्या हा सराव. जागा आहे, आणि आमच्या स्टाफलाही त्याची गरज आहे.